डॉलर वितळला, रुपया झाला

आमच्या मराठवाड्यात एकेकाळी रुपयाला दोन नावे होती आणि दोन भाव होते. एक हाली आणि दुसरा कलदार. हाली हा निजामाचा, हैदराबादच्या टांकसाळीत पडलेला. कलदार हा इंग्रजांचा, मुंबई-कलकत्त्याच्या यंत्रावर पडलेला. कल म्हणजे यंत्र, म्हणून तो कलदार. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यातला तालुका होता. १९५६ साली तो उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर लातुरात गेला. उंबरठा न ओलांडता तीन जिल्ह्यांत राहिलेली माणसे आमच्या भागात पुष्कळ होती. दोन रुपयांचा हिशोब ठेवण्यात त्यांना काहीच विशेष वाटत नसे.

हाली रुपया ओळखणे सोपे. त्याच्यावर चारमिनार असे. मधल्या कमानीत निजामाच्या नावाचे आद्याक्षर. सहाव्या निजामाचा, महबूब अली खानांचा 'मीम'. सातव्याचा, उस्मान अली खानांचा 'ऐन'. कलदारावर बादशहाचा मुखवटा. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, सरकारी सारा हालीत भरायचा. पण व्यापार काही सरहद्द पाळत नाही. बार्शी इंग्रजी हद्दीत होती. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत येऊन पोचली आणि माल तिकडे व कलदार इकडे असा प्रवाह सुरू झाला. लातूरच्या अडतीवरून तो रुपया निलंग्याच्या बाजारात, तिथून खेड्यात, आणि खेड्यात एकदा आला की बहुधा बळदाच्या तळाशी किंवा भिंतीतल्या गाडग्यात. तिथे मग तो मुक्कामालाच राही.

दोघांचा दर ठरलेला होता. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. आकडा पाहून डोके गरगरते, पण मुळात तो सहाला सात एवढाच आहे. मला बँकेतल्या नोकरीत आकड्यांची खोड लागली, म्हणून मी एकदा हा दर चांदीने तपासून पाहिला. कलदार ११.६६ ग्रॅमचा, बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. हाली ११.१८ ग्रॅमचा आणि शेकडा ८१.८ चांदीचा. म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. भागाकार करून पाहा, जवळजवळ सहाला सातच येतो. 'निजामाचा पैसा हलका' असे आपण म्हणत आलो, पण तो जितका हलका होता तितकाच बट्टा त्याला लागत होता. कोणी कोणाला फसवीत नव्हते.

हे सगळे सांगायचे कारण असे की, या कलदारांपैकी १९१८, १९१९ आणि १९२० या सालांचे जे रुपये आहेत, त्यांच्यात अमेरिकेचा डॉलर आहे. मी हे अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. अमेरिकेच्या सरकारी तिजोऱ्यांतले चांदीचे डॉलर वितळवून, त्यांच्या विटा करून, त्या जहाजांनी हिंदुस्थानात आणून मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत त्यांचे रुपये पाडले गेले. पंचम जॉर्जचा तो खणखणीत बंदा रुपया, जो आपल्या आजीने लक्ष्मीपूजनाला पुजला, त्याच्या पूर्वजन्मी कदाचित स्वातंत्र्यदेवतेचे मुख होते.

हे कसे घडले, तर त्याला पहिले महायुद्ध कारण. युद्धात इंग्रजांना हिंदुस्थानातून ताग, कापूस, धान्य, कातडी, सगळे हवे होते. मेसोपोटेमियातल्या फौजेचा खर्चही हिंदुस्थानातून भागवला जात होता. माल गेला, पण बदल्यात येणारा माल येईना; कारण इंग्लंडचे कारखाने तोफगोळ्यांत गुंतलेले आणि जहाजे बुडत होती. मग देणे फिटणार कशाने? रुपयाने. आणि आपल्या शेतकऱ्याला रुपया म्हणजे चांदी, कागद नव्हे. सरकारने १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली, १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची काढली. लोकांनी त्या घेतल्या आणि पहिल्या संधीला नोटा देऊन रुपये मागितले. ठिकठिकाणी नोटेवर बट्टा लागू लागला. नोटेवर तर छापलेले होते की मागताक्षणी रुपये मिळतील.

त्यात जगभर चांदीचा भाव चढला. असा चढला की रुपया वितळवला तर सोळा आण्यांहून अधिक किंमत येऊ लागली. असे झाले की रुपया बाजारात टिकत नाही. तो मुशीत तरी जातो नाहीतर जमिनीत. सरकारने १९१७ साली नाणी वितळवायला बंदी घातली. बंदी घालून गाडगी बाहेर येतात थोडीच! १९१८ च्या वसंतात सरकारी खजिन्यातले रुपये इतके आटले की एखाद्या मोठ्या शहरात नोटा घेऊन लोकांची रांग लागली असती, तर हिंदुस्थान सरकारला हात वर करावे लागले असते. महायुद्धाच्या ऐन भरात, एवढ्या मोठ्या देशात सरकारचे दिवाळे! लंडनला घाम फुटला आणि लंडनने वॉशिंग्टनकडे हात पसरले.

वॉशिंग्टनकडे चांदी होती आणि तीही फुकट पडून होती. त्याची कथा गमतीची आहे. १८७८ साली आणि पुन्हा १८९० साली अमेरिकेत असे कायदे झाले की सरकारने दरमहा अमुक एवढी चांदी विकत घ्यावी. कायद्यामागे पश्चिमेकडच्या खाणवाल्यांचा जोर होता. या चांदीचे डॉलर पाडले जात. पण २६.७३ ग्रॅमचे ते वजनदार नाणे खिशात घेऊन हिंडायला शहरी अमेरिकन माणूस तयार नव्हता. तो त्याच्या बदली मिळणारी नोट वापरी. त्यामुळे हजार-हजार डॉलरच्या थैल्या टांकसाळीतून निघाल्या त्या थेट तळघरात जाऊन पडल्या. तिकडे चांदी होती आणि माणसे कागद वापरीत. इकडे माणसांना चांदी हवी होती आणि सरकार कागद देत होते. दोन देशांच्या स्वभावातला हा फरक अखेर दोन्ही सरकारांच्या उपयोगी पडला.

२३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत 'पिटमन कायदा' झाला. की पिटमन हे नेवाडा राज्याचे सिनेटर आणि नेवाडा म्हणजे चांदीच्या खाणी. कायद्याने ३५ कोटीपर्यंत डॉलर वितळवायला परवानगी दिली. प्रत्यक्षात २७,०२,३२,७२२ डॉलर वितळले. त्यातले २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली गेली, एक औंस शुद्ध चांदीला एक डॉलर या भावाने. एका डॉलरमध्ये शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, म्हणजे एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये. गुणाकार केला की ५८ कोटी रुपये भरतात. १९१८ आणि १९१९ या दोन वर्षांच्या सालाचे रुपये दोन्ही टांकसाळी मिळून ८० कोटींहून अधिक पाडले गेले. त्यांतला अमुक एक रुपया अमेरिकी चांदीचाच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, कारण मुशीत सगळ्या चांदीची जात एक होते. पण गाडग्यात त्या सालांचे दहा रुपये असतील, तर त्यांत डॉलर मिसळलेला असण्याचा संभव फार मोठा आहे.

मुंबईच्या टांकसाळीला डॉलर नवखा नव्हता, हेही जाता जाता सांगून टाकतो. फोर्टातल्या त्या इमारतीत १८९५ पासून चक्क 'एक डॉलर' असे लिहिलेली नाणी पाडली जात होती, हाँगकाँग आणि पूर्वेकडच्या व्यापारासाठी. त्यांच्यावर त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया आहे. आपल्याकडे जुन्या बाजारात ते नाणे कधी कधी 'अमेरिकेचा डॉलर' म्हणून गळ्यात मारतात. अमेरिकेशी त्याचा काही संबंध नाही.

या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे रुपयाची किंमत कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायची, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच सुमारास लंडनमध्ये अभ्यासाला घेतला होता. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. बँकेत लागल्यावर मी तो प्रथम वाचला तेव्हा अर्धा डोक्यावरून गेला होता. पुढे समजू लागला तसे हेही लक्षात आले की चलनाचा घोळ शेवटी मजुराच्या आणि गरिबाच्या ताटात येऊन पडतो, याचे भान ठेवून लिहिणारे अर्थशास्त्री त्या काळी थोडेच होते.

आणि मोगलाईत काय झाले? त्याच चांदीटंचाईमुळे १९१८ साली हैदराबाद संस्थानाला स्वतःच्या कागदी नोटा काढायला इंग्रजांनी संमती दिली. आधी दहाच्या आणि शंभरच्या, मग १९१९ साली एकच्या आणि पाचच्या, १९२६ साली हजाराची. 'उस्मानिया सिक्का' हे या चलनाचे नाव. नाशिकचा नोटांचा छापखाना सुरू झाल्यावर निजामाच्या नोटाही तिथेच छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे निजामाच्या नोटेचे माहेर पुढे नाशिक झाले आणि बादशहाच्या रुपयाचे आजोळ अमेरिका.

आता जरा त्या वितळलेल्या डॉलरकडे वळू, कारण तिकडे त्याची जी दशा झाली तीवरून आपल्याकडच्या रुपयाबद्दल बरेच काही कळते.

हा डॉलर 'मॉर्गन डॉलर' म्हणून ओळखला जातो. जॉर्ज मॉर्गन हा इंग्लंडहून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत आलेला कोरक्या. स्वातंत्र्यदेवतेचे मुख कोरायला त्याने ॲना विल्यम्स नावाच्या स्थानिक शिक्षिकेला बसवले. डॉलर १८७८ ते १९०४ पडला आणि पुन्हा एकदा १९२१ साली पडला. १९२१ साली का? तर पिटमन कायद्यात अटच होती की जितके डॉलर वितळतील तितके अमेरिकी खाणींतली चांदी घेऊन पुन्हा पाडायचे, आणि ती चांदीही औंसाला एक डॉलर या भावानेच घ्यायची. पुढे बाजारात भाव घसरला तरी खाणवाल्यांना पुरा डॉलर मिळत राहिला. सिनेटर महाशयांनी मतदारसंघाची सोय छान पाहिली होती. असे राजकारण आपल्याला काही अपरिचित नाही.

अमेरिकेतला नाणी जमवण्याचा नाद तसा फार जुना नाही. १८५७ साली तांब्याचा मोठा सेंट बंद झाला आणि लहानपणापासून हाताळलेले नाणे दिसेनासे होणार म्हणून लोक ते बाजूला ठेवू लागले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये नाणेशास्त्राची संस्था स्थापन झाली. घराघरांत हा छंद पोचला तो १९३० नंतरच्या मंदीत. पुठ्ठ्याचे फळे निघाले, प्रत्येक सालासाठी एक भोक. बापाच्या खिशातल्या चिल्लरीतून मुलांनी ते साल शोधायचे आणि भोकात बसवायचे. सगळी भोके भरत, एखादे रिकामे राही. उदाहरणार्थ १९०९ सालचा लिंकनचा सेंट. तो कोरणाऱ्या व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरने आपल्या नावाची तीन अक्षरे पाठीमागे ठळक घातली, त्यावर ओरड झाली आणि काही दिवसांत ती काढून टाकली. तेवढ्यात सॅन फ्रान्सिस्कोला असे ४,८४,००० सेंट पाडून झाले होते. पिढ्यान् पिढ्या अमेरिकन मुले खिशातली चिल्लर उलटी करून ती तीन अक्षरे शोधत आली. आता तो सेंटही गेला. २०२५ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाला चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले गेले. आपले चार आणे, म्हणजे पंचवीस पैसे, २०११ च्या जूनअखेर बंद झाले, तेव्हा आपल्यापैकी कितींनी एखादे जपून ठेवले?

या संग्राहकांसाठी पिटमन कायदा ही एक न मिटणारी रुखरुख आहे. सत्तावीस कोटी डॉलर मुशीत गेले, पण कोणत्या सालाचे किती गेले याची यादी कोणीच केली नाही. थैल्या उघडल्या आणि ओतल्या. त्यामुळे टांकसाळीच्या वहीत 'अमुक सालात इतकी नाणी पाडली' हा आकडा असूनही त्यांतली किती उरली हे कोणालाच सांगता येत नाही. १८९५ सालच्या फिलाडेल्फियाच्या डॉलरची वहीत १२,००० अशी नोंद आहे. त्यांतला एकही कधी बाजारात दिसला नाही. मुद्दाम संग्राहकांसाठी पाडलेले ८८० तेवढे ठाऊक आहेत. ते बारा हजार पिटमनच्या मुशीत गेले असे पुष्कळजण मानतात. तसे असेल तर त्यांची चांदी इकडे आली असेल. एखाद्या अमेरिकन लक्षाधीशाने ज्याच्यासाठी जन्मभर झुरावे, तो आमच्या तांड्यावरच्या एखाद्या आजीच्या गळ्यात रुपया होऊन लोंबकळत असेल!

उलटही घडते. १९०३ साली न्यू ऑर्लिन्सला पडलेला डॉलर असाच वितळून संपला असे सगळे धरून चालले होते. यादीत त्याचा भाव हजार डॉलरच्या वर गेला होता. १९६२ साली सरकारी तळघरातल्या काही थैल्या बाहेर काढल्या तेव्हा आत तेच डॉलर निघाले, नवे कोरे. काही दिवसांत भाव कोसळला. दुर्मिळपणा बहुतेक वेळा मुशीत जन्मतो, आणि मुशीबद्दलचा अंदाज चुकला की एका दिवसात मरतो. १९३३ सालची वीस डॉलरची सोन्याची मोहोर साडेचार लाखांच्या घरात पाडली होती. रूझवेल्टने सोने परत घेतले, जवळजवळ सगळ्या वितळल्या. वाचलेल्यांपैकी एक २०२१ साली लिलावात १ कोटी ८९ लाख डॉलरला गेली.

आपल्याकडेही हा खेळ झालेला आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर त्याच्या झग्यावरच्या साखळीत एक छोटा हत्ती होता. तो इतका ओबडधोबड उतरला की लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमान मंडळींनी हरकत घेतली. ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतले सुमारे सात लाख बाहेर पडले होते. बाकीचे वितळवले आणि पुढच्या वर्षी सोंड नीट करून नवा रुपया काढला. आजही तो 'डुकराचा रुपया' म्हणून ओळखला जातो आणि शोधला जातो.

आता निलंग्याकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागातली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची. ती कोसळली, माणसे गेली, आणि ढिगारे उपसताना ज्या भिंतींनी माणसे मारली त्याच भिंतींतून गाडगी बाहेर आली. मी तेव्हा बँकेत होतो. महिन्याभराने एक म्हातारी पदरात बांधून रुपये घेऊन आली. तीसेक कलदार, दहा-बारा हाली, काही पावल्या आणि चवल्या. तिला ते खात्यावर टाकायचे होते. मी तिला सांगितले, आजी, राणीचा रुपया १९४१ साली चलनातून गेला, एडवर्डचा १९४२ साली, जॉर्जचा हा चांदीचा १९४३ साली, आणि हाली १९५९ साली. हे आता पैसे नाहीत, चांदी आहे. तिने एक रुपया उचलून माझ्यापुढे धरला. "मग सायेब, ह्येच्यावर राजाचं तोंड कशाला छापलंय?"

याला बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात उत्तर नव्हते. ते रुपये सराफाच्या काट्यावर गेले आणि पत्र्याला पैसे झाले. ते योग्यच झाले. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला नाणेशास्त्र सांगू नये. पण जाण्यापूर्वी मी तिच्या परवानगीने त्या सगळ्या नाण्यांची सालं एका कागदावर उतरून घेतली. १९१८ चे सात होते, १९१९ चे पाच. ही नोंद करायला मला पंधरा मिनिटे लागली. अमेरिकेच्या सरकारला सत्तावीस कोटींच्या बाबतीत ती सुचली नाही.

आज मूस पेटली आहे ती घरोघर. वाडे पडत आहेत, वाटण्या होत आहेत, चांदीला भाव आला की जुने रुपये मोडीत निघत आहेत. कोणाच्या गरजेवर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही. वाईट याचे वाटते की रुपया मोडणाऱ्याला तो काय मोडतो आहे हेच माहीत नसते. बंजारा तांड्यांवर फिरलात तर अजूनही म्हाताऱ्या बायांच्या अंगावर, कांचळीला, गळ्यातल्या माळांना जुनी नाणी दिसतील. हालीच्या पावल्या, कलदाराच्या अधेल्या, राणीचे रुपये. मराठवाड्यातून कोणते चलन कधी आणि कुठून वाहिले याचा तो अंगावर घातलेला दप्तरखाना आहे. नव्या मुली ते घालत नाहीत आणि घालावेत असेही नाही. पण ते दागिने जसेच्या तसे कोणी टिपून, छायाचित्रे काढून ठेवले आहेत का? कडी डाख दिलेल्या नाण्याला संग्राहक फारसा भाव देत नाही. मला विचाराल तर मला तोच रुपया जास्त बोलका वाटतो.

ज्यांच्या घरी असे रुपये आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. पंचम जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला सालाखाली कमळाचे फूल असते. त्या फुलात बारीक उठावाचे टिंब असेल तर रुपया मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. भिंग घ्यावे लागते. १९२१ आणि १९२२ चे रुपये फक्त मुंबईत आणि मोजकेच पडले. ते दिसले तर बाजूला ठेवा. त्यानंतर बरीच वर्षे रुपया पाडलाच नाही, कारण युद्धकाळातल्या रुपयांचाच महापूर आला होता. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, म्हणूनच त्याची नक्कलही बाजारात भरपूर. कोणी स्वस्तात देऊ लागला तर दुकानाबाहेर पडावे. हालीत कमानीतला 'ऐन' पूर्ण आहे की अर्धा यावरही संग्राहक भांडतात.

आणि कृपा करून चिंच, राख, लिंबू यांनी नाणी घासू नका. चांदीवर चढलेली काळपट झाक शंभर वर्षांत चढलेली असते. ती गेली की नाण्याची निम्मी किंमत गेली. घरच्या बायकांना हे पटवणे अवघड आहे, कारण पूजेचा रुपया लखलखीत हवा. त्यावर तोडगा असा की एक रुपया पूजेला ठेवावा, बाकीचे सुती कापडात गुंडाळून ठेवावेत. जमिनीत सापडलेल्या धनाचा १८७८ चा कायदा आहे. शेत नांगरताना किंवा पाया खणताना गाडगे लागले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या नातवाच्या बॅगेत आजीचा १९१८ चा रुपया कौतुकाने घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्यांना नुसते पाहायचे आहे त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला जावे. तिथली नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० साली स्थापन झाली, आणि तिचे संग्रहालय मुलांना घेऊन जाण्यासारखे आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे.

अमेरिकेच्या चांदीचा दुसरा अध्याय थोडक्यात सांगतो, कारण तो पहिल्याच्या बरोबर उलटा आहे. दुसऱ्या महायुद्धात तीच तंगी पुन्हा आली. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, तरी पुरेना. या वेळी अमेरिकेने चांदी विकली नाही, उसनी दिली. २२ कोटी ६० लाख औंस. अट अशी की युद्धानंतर औंसाला औंस परत. स्वतंत्र भारताने १९५० च्या दशकात ती फेड पुरी केली. पहिल्या वेळी आलेली चांदी मात्र परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. ती रोख विकत घेतली होती आणि ती आपल्या गाडग्यांत, माळांत, देव्हाऱ्यांत विरून गेली होती.

या दिवाळीला लक्ष्मीपूजनाचा रुपया डबीतून काढाल तेव्हा आधी त्याची मागची बाजू पाहा. साल १९१८ किंवा १९१९ असेल तर मुलांना भिंग द्या आणि कमळात टिंब आहे का ते शोधायला सांगा. मग बाकीच्या रुपयांची सालं त्यांच्याकडून एका वहीत लिहून घ्या आणि ती वही त्याच डबीजवळ ठेवा.